लॉग कुणासाठी उघडता?

माइनक्राफ्टचा सर्व्हर उभा करणं, प्लगइन टाकणं, बॅकअप घेणं तुम्हाला येतं असं धरतो. त्यावर व्हिडिओंचा पाऊस आहे. मी लिहितोय ते त्यानंतरचं. रोज तीस-चाळीस माणसं खेळायला येतात, तुमच्या नावाआधी ‘ॲडमिन’ झळकतं आणि तुम्ही कुणाशी बोलता, कुणाजवळ घर बांधता, हेसुद्धा लोक लक्षात ठेवतात. मला हे सांगणारा कुणी नव्हता. एक गुरू भेटला होता म्हणा, पण त्याचं सगळं ज्ञान एका वाक्यात होतं: “भाडं तू भरतोस ना? मग उत्तरं कुणाला द्यायची?” असा गुरू भेटला तर नमस्कार करा आणि पळा.

आमचा नियम साधा होता. लॅगमुळे, म्हणजे सर्व्हर अडकल्यामुळे, सामान गेलं तर पुरावा द्या, नाहीतर परत मिळणार नाही. एका संध्याकाळी नवीन आलेल्या एका मुलाचा मेसेज आला. लाव्हात पडला, डायमंड आर्मर जळालं, सर्व्हर अडकला होता म्हणे. स्क्रीनशॉट नव्हता. मी नियम चिकटवला आणि विषय मिटवला.

दुसऱ्या रात्री माझा जुना मित्र अगदी तसाच लाव्हात गेला. व्हॉइसवर ओरडला, “अरे, अडकला बघ सर्व्हर!” मी तिथल्या तिथे लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतः ठेवतो ती नोंद, उघडला. सर्व्हर दोन सेकंदांहून जास्त मागे पडला की कन्सोलवर ‘कान्ट कीप अप’ अशी ओळ येते, तुम्ही पाहिली असेलच. त्याच्या मरणाच्या ओळीच्या बरोब्बर वर ती होती. म्हणजे तो खरं बोलत होता. गिव्ह कमांडने सामान दिलं आणि झोपलो.

ऑपने, म्हणजे सर्व्हरचे खास अधिकार असलेल्याने, दिलेली कमांड बाकीच्या ऑपना चॅटमध्ये करड्या तिरक्या अक्षरांत दिसते, हे डोक्यातच नव्हतं. आमच्या मॉडरेटरने ती पाहिली. सकाळी तिने एवढंच विचारलं, “त्या नवीन मुलाचा लॉग बघितला होतास का?”

नव्हता बघितला. तारीख उलटल्यामुळे तो झिप होऊन पडला होता. उघडला. त्याच्या मरणाच्या चार सेकंद आधी तीच ओळ.

आता हे मी जरा घोळवून सांगणार आहे, कारण नवीन ॲडमिन इथेच फसतात आणि फसल्याचं त्यांना कळतही नाही. मी खोटं बोललो नव्हतो. मित्राला फुकट काही दिलं नव्हतं, त्याचं नुकसान खरं होतं. त्या मुलाला नाही म्हणालो तेही नियमाला धरूनच. दोन्ही निर्णय सुटे सुटे बघा, कुठेच बोट ठेवता येत नाही. खोट होती ती मी कष्ट कुणासाठी घेतले त्यात. मित्रासाठी पुरावा मी स्वतः शोधला, त्या मुलाला म्हणालो, तू आण. आणि लॉग तर फक्त माझ्याकडे होता! तो आणणार कुठून?

बातमी दिवसभरात पसरली. पाठोपाठ एक्स-रे, म्हणजे दगडाआडची खनिजं दाखवणारी चीट, वापरल्याबद्दल बॅन केलेल्या तिघांनी अपील केलं. त्यातल्या एकाबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. कुणी काय खोदलं ते टिपणाऱ्या कोअरप्रोटेक्ट प्लगइनच्या नोंदींत त्याचा बोगदा मध्येच काटकोनात वळून थेट हिऱ्यांपाशी जात होता, तेही पाच वेळा. कुणी मानलं नाही. पुरावा पक्का होता, पण दाखवणारा मी होतो ना.

मी त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली, सामान परत दिलं. तो दोन दिवस आला, मग दिसला नाही.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. चुका होणारच आणि बहुतेक चुका निस्तरता येतात. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ईव्ह ऑनलाइन या खेळात तर तो बनवणाऱ्या सीसीपी कंपनीच्याच एका डेव्हलपरने आपल्या गटाला मौल्यवान ब्लूप्रिंट दिल्याचं २००७ साली उघड झालं. पुढच्या वर्षी कंपनीने खेळाडूंनी निवडून दिलेली परिषद आणली. आपल्याला परिषद नको, पण कुणीतरी आपल्यालाही विचारू शकेल एवढी सोय हवी.

मी खेळतो त्या खात्याचं ऑप काढून टाकलं. ॲडमिनचं खातं वेगळं, आणि मॉडरेटरांना लकपर्म्स या परवानग्यांच्या प्लगइनमधून लागतील तेवढेच अधिकार. भरपाईचा अर्ज आला की लॉग आम्हीच काढायचा, मागणारा कुणीही असो. त्यातल्या ओळी नाव खोडून दुसऱ्याकडे जातात आणि निर्णय तो देतो. नाव झाकण्याची कल्पना माझी नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१३ साली ओव्हरवॉच आलं, त्यात संशयिताचं नाव लपवून खेळाचं रेकॉर्डिंग तपासायला देत. अपील मात्र बॅन करणाऱ्याकडे कधीच जात नाही. पहिल्या महिन्यात हा सगळा व्याप वाटतो. वाटू द्या.

अँटीचीटला, म्हणजे चीटिंग पकडणाऱ्या प्लगइनला, आपोआप बॅन करायची मुभा देऊ नका. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. सर्व्हर अडकला की सरळ खेळणारा माणूसही उडताना दिसतो, आणि आपल्याच सर्व्हरच्या लॅगची शिक्षा आपण त्याला देतो. पेपर हे सर्व्हर सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातलं अँटी-एक्स-रे चालू करा. खनिजं आधीच झाकली की संशयाला जागा कमी उरते. पैसे घेऊन तलवारी विकू नका हे सांगायला नको, माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने ते २०१४ मध्येच स्पष्ट केलंय.

आणि स्पेक्टेटर मोडमध्ये, म्हणजे अदृश्य होऊन भिंतींतून फिरता येतं त्यात, शिरून दुसऱ्यांच्या पेट्या न्याहाळायची खोड असेल तर ती आजच सोडा. मला होती.

ती मॉडरेटर अजून आहे, आणि मी जे काही शिकलो ते तिच्याकडूनच. गेल्या आठवड्यात मी स्वतः लाव्हात पडलो. लॅग होता अशी माझी खात्री होती. रीतसर अर्ज टाकला. तासाभराने तिचं उत्तर आलं: “लॉगमध्ये ओळ नाही. नामंजूर.” सध्या लोखंडी आर्मर घालून फिरतोय.