निवृत्तिवेतनाची जुनी संगणकप्रणाली बदलताना

कोल्हापूर जिल्ह्यात राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन मुंबईच्या महालेखापालांच्या आदेशानुसार जिल्हा कोषागारातून मिळते. जिल्हा परिषदेचे कर्मचारी व प्राथमिक शिक्षक यांची प्रकरणे मात्र जिल्हा परिषदेच्याच पातळीवर मंजूर होतात. पुढील मार्गदर्शन मुख्यतः अशा, स्वतः मंजुरी देणाऱ्या कार्यालयांसाठी आहे.

निविदा काढण्यापूर्वी चालू पद्धत कागदावर उतरवून घ्यावी. आस्थापना लिपिक, लेखाधिकारी आणि पंचायत समितीत देयक तयार करणारा कर्मचारी यांच्याशेजारी बसून एक प्रकरण सेवापुस्तकापासून बँक खात्यापर्यंत कसे जाते ते पाहावे. विलंब अनेकदा संगणकात नसतोच. वेतन पडताळणी न झालेले सेवापुस्तक किंवा अद्ययावत न केलेले नामनिर्देशन हे त्याचे कारण असते. ते दुरुस्त न करता नवी प्रणाली बसवली, तर तीच अडचण नव्या पडद्यावर दिसू लागेल.

सर्वाधिक वेळ माहितीच्या स्थलांतरासाठी राखून ठेवावा. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व (आजची प्रमाणित अक्षरसंकेत पद्धत येण्याआधीच्या) मराठी फॉन्टमध्ये असतील तर रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, त्यामुळे नावे यंत्राने बदलली तरी माणसाने मूळ आदेशाशी ताडून पाहिली पाहिजेत. जन्मतारीख, सेवानिवृत्तीची तारीख, अंशराशीकरणाची (निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ एकरकमी घेतल्याबद्दलची) कपात सुरू झाल्याची तारीख आणि कुटुंब निवृत्तिवेतनधारकाचे नाव या चार नोंदींत तडजोड करू नये. विवाहानंतर नाव बदललेल्या पत्नीचे नाव सेवापुस्तकात एक आणि बँकेत दुसरे असेल, तर पतीच्या निधनानंतर तिला कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात. ही तफावत निवृत्तिवेतनधारक हयात असतानाच मिटवणे हे आपले कर्तव्य आहे.

नियम प्रणालीच्या आज्ञावलीत कायमचे कोरून ठेवू नयेत. १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांत वेळोवेळी बदल झाले, १ जानेवारी २०१६ पासून सातवा वेतन आयोग लागू झाला आणि १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्यांसाठी वेगळी, अंशदानाची योजना आली. म्हणून प्रत्येक दर अंमलाच्या तारखेसह स्वतंत्र तक्त्यात ठेवावा, म्हणजे मागील थकबाकी काढताना त्या महिन्याचाच दर लागतो आणि महागाई वाढीचा नवा शासन निर्णय आल्यावर पुरवठादाराची वाट पाहावी लागत नाही.

चाचणीसाठी सोप्या नव्हे, अडचणीच्या प्रकरणांची यादी करावी. उदाहरणार्थ, मूळ निवृत्तिवेतन ४०,००० रुपये असून ४० टक्के अंशराशीकरण झाले असेल, तर दरमहा १६,००० रुपयांची कपात होते. परंतु महागाई वाढ उरलेल्या २४,००० वर नव्हे, पूर्ण ४०,००० वर काढायची असते आणि १५ वर्षांनी ती कपात अर्ज न मागता थांबली पाहिजे. वाढीव दराचे कुटुंब निवृत्तिवेतन संपण्याची तारीख, दिव्यांग अपत्याचा हक्क आणि ८० वर्षांनंतरची वयानुसार वाढ हीही यादीत असावीत.

त्यानंतर जुनी व नवी प्रणाली किमान तीन महिने समांतर चालवून दोन्ही देयकांतील फरक रुपयापर्यंत तपासावा. त्या काळात महागाई वाढीच्या थकबाकीचा एखादा महिना यावा. एकाच वेळी बाराही तालुके बदलण्यापेक्षा कोल्हापूर शहरालगतचा करवीर आणि डोंगराळ चंदगड अशा भिन्न परिस्थितीतील दोन तालुक्यांपासून सुरुवात करणे मला अधिक सुरक्षित वाटते. नव्या प्रणालीत फरक आढळल्यास त्या महिन्याचे निवृत्तिवेतन जुन्या प्रणालीतूनच वेळेवर द्यावे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा अनुभव लक्षात घेता माहितीची प्रत त्याच इमारतीत ठेवणे पुरेसे नाही. ती जिल्ह्याबाहेरही असावी आणि तिच्यावरून प्रणाली पुन्हा उभी करून पाहावी. माहितीची मालकी कार्यालयाची राहील व करार संपल्यावर ती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, ही अट करारात स्पष्टपणे लिहावी.

हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ पासून जीवन प्रमाण ही आधारवर चालणारी ऑनलाइन सोय उपलब्ध आहे आणि आता चेहऱ्याच्या पडताळणीनेही तो देता येतो. तरीही बोटांचे ठसे न उमटणाऱ्या वृद्धांसाठी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि मोबाईल नसलेल्यांसाठी कागदी दाखल्याची सोय चालू ठेवावी. दाखला आला नाही म्हणून प्रणालीने देयक आपोआप बंद करण्याआधी संबंधित पंचायत समितीला त्या व्यक्तीचे नाव आणि पत्ता दाखवावा, आणि कर्मचाऱ्याने संपर्क साधून त्याची नोंद केल्याशिवाय देयक थांबू नये.