रंगीत शाई संपली की काळी प्रिंट का अडते, आणि ती कशी काढायची

सातबारा काढायचा आहे, पानावर एकही रंगीत अक्षर नाही, काळी कार्ट्रिज अर्ध्याहून जास्त भरलेली आहे, आणि प्रिंटर म्हणतो पिवळी शाई संपली, आधी ती बदला. नवी कार्ट्रिज आणायला धावण्याआधी एक गोष्ट पाहा: तुमच्या मशीनचं हेड कुठे आहे? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

हेड म्हणजे शाईचे थेंब उडवणारा भाग. त्यात केसापेक्षाही बारीक शेकडो भोकं असतात, त्यांना नोझल म्हणतात. झाकण उघडल्यावर दोनच कार्ट्रिज दिसल्या, एक काळी आणि एक तीन रंगांची, आणि त्यांच्या पाठीवर तांबूस ठिपक्यांची पट्टी असेल, तर हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं आहे. एचपीच्या 680 आणि 803, कॅननच्या पीजी-745 आणि सीएल-746 या कार्ट्रिज अशाच आहेत. चार वेगवेगळ्या कार्ट्रिज असतील किंवा बाजूला शाईच्या टाक्या असतील, तर हेड मशीनमध्ये आहे आणि बहुतेकदा सगळ्या रंगांना मिळून तेच वापरलं जातं.

मशीनमधल्या हेडच्या बाबतीत प्रिंटरचा हट्ट बऱ्याच अंशी खरा असतो. एचपी आणि कॅननच्या हेडमध्ये शाई तापवून थेंब उडवतात. नोझलमागचा इवलासा हीटर काही मायक्रोसेकंदांत 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो, शाईत बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. त्या हीटरला थंड ठेवायचं कामही शाईच करते. नोझल कोरडं असताना हीटर चालला की तो जळतो, आणि जळलेलं नोझल पुन्हा चालू होत नाही. एप्सन आणि ब्रदरच्या हेडमध्ये उष्णता नसते, वीज दिली की वाकणारा स्फटिक शाईला धक्का देतो. तिथे जळण्याची भीती नाही, पण हवा शिरण्याची आहे. सफाईच्या वेळी नोझलवर रबरी टोपी बसते आणि पंप खालून शाई ओढतो. बहुतेक मशीनमध्ये हा पंप सगळ्या रंगांना एकदमच ओढतो. त्यातला एक रंग रिकामा असेल तर शाईऐवजी हवा येते, आणि आत अडकलेली हवा काढण्यात बाकीच्या रंगांची भरपूर शाई वाया जाते.

दुसरं कारण पानावरच दिसतं. छापलेल्या करड्या भागावर भिंग धरा, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून फोटो काढून मोठा करा. पुष्कळदा त्यात निळे, गुलाबी आणि पिवळे ठिपके दिसतात. करड्या छटा गुळगुळीत याव्यात म्हणून प्रिंटर रंग मिसळतो. सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडलेला असेल तर कित्येक मॉडेल काळी शाई वापरतच नाहीत, कारण साध्या कागदासाठी केलेली पिगमेंट (बारीक रंगकणांची) काळी शाई चकचकीत कागदात नीट मुरत नाही. मग काळा रंगही तिन्ही रंगांतून तयार होतो. म्हणून प्रिंटच्या सेटिंगमध्ये साधा कागद निवडलेला आहे ना, हे सगळ्यात आधी तपासा.

दोन कार्ट्रिजच्या मशीनला मात्र काळ्या प्रिंटसाठी अडून बसायचं तांत्रिक कारण उरत नाही, कारण काळीचं हेड स्वतंत्र आहे. इथे मार्ग सोपा आहे, फक्त कंपनीप्रमाणे उलटा होतो. एचपीच्या अशा मशीनमधून रिकामी रंगीत कार्ट्रिज काढून टाका आणि झाकण लावा. मशीन एकाच कार्ट्रिजवर चालायला लागतं. कॅननमध्ये हे चुकूनही करू नका, दोन्हींपैकी एक जरी काढली तरी ते छापणार नाही. तिथे रिकामी जागेवरच ठेवायची आणि स्टॉपचं बटण किमान 5 सेकंद दाबून धरायचं. शाई मोजणं बंद होतं आणि काम पुढे सरकतं. मग ड्रायव्हरच्या (कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरच्या) मेंटेनन्स टॅबमधल्या इंक कार्ट्रिज सेटिंग्जमध्ये ‘ब्लॅक ओन्ली’ निवडा. हे साध्या कागदावर आणि पाकिटांवरच चालतं.

नुसतं ‘ग्रेस्केल’ (करड्या छटांत छापणं) निवडणं पुरेसं नाही, इथे पुष्कळ जण फसतात. एचपीच्या ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केलखाली दोन पर्याय असतात. ‘हाय क्वालिटी ग्रेस्केल’ रंगही वापरतो, ‘ब्लॅक इंक ओन्ली’ फक्त काळी. विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये जाऊन अॅडव्हान्स्ड उघडलं की हा पर्याय सापडतो.

वेगवेगळ्या कार्ट्रिजच्या एप्सनमध्ये रंग संपल्यावर साधा कागद आणि ग्रेस्केल ठेवून, बॉर्डरलेस (कडेपर्यंत छापणं) बंद करून, तात्पुरतं काळं छापता येतं. ही सवलत साधारण 5 दिवसांची असते. ब्रदरची काही मॉडेल मोनो (फक्त काळी) प्रिंट जवळपास 4 आठवडे देतात, पण तेवढ्यात मशीनचा प्लग काढला किंवा रिकामी कार्ट्रिज बाहेर काढली की सवलत तिथेच संपते. त्यामुळे नवी हातात येईपर्यंत जुनीला हात लावू नका.

‘संपली’ म्हणजे खरंच संपली का, हेही पाहायला हवं. बऱ्याच कार्ट्रिजमधली चिप शाई मोजत नाही, उडवलेले थेंब मोजते, आणि हेड कोरडं पडू नये म्हणून थोडी शाई शिल्लक असतानाच थांबवते. हेड असलेली रंगीत कार्ट्रिज तपासायची तर टिश्यू पेपर कोमट पाण्यात ओला करून, पिळून, त्यावर कार्ट्रिजचं नोझलचं तोंड 5 सेकंद टेकवा आणि उचला. निळा, गुलाबी आणि पिवळा असे तीन पट्टे उमटले तर शाई आहे. एक पट्टा फिका किंवा गायब असेल तर तोच कप्पा रिकामा किंवा बुजलेला आहे. तांबूस ठिपक्यांना बोट लावू नका, तेलकटपणा लागला की मशीन कार्ट्रिज ओळखत नाही.

ती पुन्हा भरायची असेल तर लेबलखालच्या भोकांत एकेक टूथपिक घालून कोणत्या भोकाखाली कोणता रंग आहे ते आधी बघा. दरवेळी नवी टूथपिक घ्या, एका थेंबाने दुसरा कप्पा बिघडतो. सिरिंजने अगदी सावकाश 1 मिलिलीटर भरा. शाई वर आली तर जास्त झाली, तेवढी परत ओढून घ्या.

टाकीवाल्या प्रिंटरचं वेगळं आहे. एप्सनच्या एल-मालिकेतल्या साध्या मॉडेलना शाई किती उरली ते कळतच नाही, त्यामुळे ती अडवतही नाहीत. म्हणूनच एखादा रंग वापरत नसलात तरी त्याची पातळी खालच्या रेषेच्या वर ठेवावीच लागते. ती खाली गेली की नळीत हवेचे बुडबुडे शिरतात. असं झालं तर टाकी भरा, नोझल चेक (रेषांचं चाचणी पान) काढा आणि रेषा तुटक असतील तर हेड क्लीनिंग करा. तीनदा करूनही तुटक राहिल्या तर थांबा. लागोपाठ सफाई करत राहिलं की वेस्ट इंक पॅड (सफाईतली वाया गेलेली शाई शोषणारा पॅड) भरतो आणि बुडबुडे हलायला वेळही मिळत नाही. किमान 12 तास मशीन तसंच ठेवून पुन्हा तपासा. पॉवर क्लीनिंग, म्हणजे नळ्यांतली सगळी शाई ओढून काढणारी सफाई, हा शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधी प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी.

सगळं काळंच छापत असाल तरी 8-10 दिवसांतून एकदा चारही रंगांचं नोझल चेकचं पान काढा, नाहीतर उन्हाळ्यात न वापरलेला रंग भोकातच वाळतो. आणि मशीन भिंतीवरच्या स्विचने नव्हे, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. बटण दाबल्यावरच हेड जागेवर जाऊन टोपीखाली बसतं. मध्येच वीज गेली असेल तर ती आल्यावर एकदा चालू करून बटणानेच बंद करा.