नुसतं कार्यालय घ्यावं की सगळं पॅकेज? लग्नाचा हॉल ठरवताना या चुका टाळा

भाचीच्या लग्नात गुरुजींनी दोनदा पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो त्या वेळी कार्यालयाच्या मागच्या दारात उभा राहून टँकरवाल्याला रस्ता सांगत होता. टाकीतलं पाणी सकाळच्या आंघोळीतच संपलं होतं आणि आचारी भात धुवायला खोळंबले होते. शेवटी चुलतमामानं मुलीला बोहल्यावर आणलं. भाऊ धावत आला तेव्हा अंतरपाट दूर झाला होता. खिशातल्या अक्षता खिशातच राहिल्या.

ते कार्यालय आम्ही स्वस्त म्हणून घेतलं होतं, आणि पैशाच्या हिशेबात ते स्वस्तच पडलं. पुढं मुलाच्या लग्नात हात पोळलेले होते म्हणून शहराबाहेरच्या लॉनचं संपूर्ण पॅकेज घेतलं. तिथं धावपळ झाली नाही, पण न जेवलेल्या सव्वाशेहून जास्त ताटांचे पैसे भरून आलो. दोन्हीकडं चुका आमच्याच होत्या आणि दोन्ही बयाणा देण्याआधी टाळता आल्या असत्या.

भाडं आणि ताटाचा दर शेजारी ठेवून तुलना करणं

एकजण म्हणतो, हॉलचं भाडं १ लाख १० हजार. दुसरा म्हणतो, ताटामागं १,२५० रुपये, त्यात सगळं आलं. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. आधी दोन्हीकडचा खर्च एकाच कागदावर शेवटच्या रुपयापर्यंत उतरवा.

समजा ३८० माणसं येणार आहेत. नुसत्या हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,२९,८०० रुपये होतात. केटररचं ६०० रुपयांचं ताट ५ टक्के करासह २,३९,४०० रुपयांना पडतं. यावर सजावट ९० हजार, सकाळचा नाश्ता-चहा २४ हजार, आदल्या रात्रीचं जेवण ४२ हजार, वीज आणि जनरेटर १८ हजार, साफसफाई ८ हजार. बेरीज साडेपाच लाखांच्या थोडी वर जाते. पॅकेजवाल्याची किमान हमी ५०० ताटांची असेल, तर माणसं ३८० आली तरी सव्वासहा लाख आणि वर कर. म्हणजे १,२५० चं ताट प्रत्यक्षात करापूर्वीच १,६४५ रुपयांना पडलं.

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे दर घाला. पण कराचं वेगळं विचाराच. जागा आणि जेवण एकत्र देणाऱ्या कार्यालयाला साधारण ५ टक्के लागतो, पण दिवसाला ७,५०० रुपयांहून महाग खोल्यांच्या हॉटेलात तोच १८ टक्के होतो. "कर धरून सांगताय की वेगळा?" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

ताटांची हमी आमंत्रणाच्या यादीवरून देणं

आमची चूक हीच. पत्रिका वाटल्या साडेतीनशे, घरटी दीड माणूस धरला, ५०० ची हमी दिली. लग्न होतं गुरुवारी. नोकरदार मंडळी संध्याकाळी तोंड दाखवून गेली, निम्म्यांनी नुसतं आइस्क्रीम खाल्लं. जेवली ३७२ माणसं.

हमी नेहमी कमी द्या आणि जास्तीच्या ताटांचा दर आधी ठरवा. चारशेची हमी देऊन वरची ५० ताटं त्याच दरानं मिळणं परवडतं. ५०० ची हमी दिली की ती खाली येत नाही. आकडा कमी करायची शेवटची तारीख कुठली, तेही करारात हवं.

हमी देऊन बसला असाल तरी वाट आहे. लग्नाच्या पंधरा दिवस आधी व्यवस्थापकाला भेटून कमी पडणारी ताटं सीमांतपूजनाच्या रात्रीच्या जेवणात किंवा हळदीच्या दिवशी वळती करून मागा. पुष्कळ जण देतात, कारण त्यांचे आचारी, वाढपी तिथं असतातच. लग्नानंतर मागितलं तर कुणी देत नाही.

मोजणी कशी होणार हेही विचारा. बफेत ताटल्या मोजतात. टेबलावर ताटल्या लागताना पन्नास-पन्नासच्या थप्प्या तुमच्या माणसासमोर मोजून घ्या आणि शेवटी उरलेल्या वजा करा. एका माणसानं दुसरी ताटली उचलली की दोन धरल्या जातात, म्हणून गोडाच्या वाट्या आणि लहान मुलांच्या ताटल्या वेगळ्या ठेवायला सांगा. बँडवाले, फोटोवाले आणि गाड्यांचे ड्रायव्हर मिळून सहज पंचवीस-तीस माणसं होतात. त्यांचा दर वेगळा ठरवा. त्यांनाही वेळेवर आणि पोटभर जेवायला मिळालं पाहिजे.

उभं कोण राहणार, हे न ठरवणं

माझ्या मते सगळा निर्णय इथंच होतो, आणि याबद्दलच घरात कुणी बोलत नाही. नुसतं कार्यालय घेतलं की गॅसच्या टाक्या, पाण्याचे जार, भाड्याची भांडी, फुलवाला, वाढपी, खोल्यांच्या किल्ल्या, रुखवताचं टेबल या सगळ्याला एकेक माणूस लागतो. पूर्वी चुलते, आत्तेभाऊ, शेजारची चार पोरं दोन दिवस आधी येऊन राहायची. आता तीच माणसं लग्नाच्या सकाळी मुंबईहून किंवा बंगळूरहून येतात आणि त्याच रात्री परततात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून कागदावर नावं लिहा. ज्याला विधीत स्थान आहे, म्हणजे आईवडील, मामा, करवली, कानपिळा भाऊ, त्यांच्या नावापुढं एकही काम लिहायचं नाही. उरलेल्यांत विश्वासाची निदान चार माणसं निघाली तर नुसतं कार्यालय खुशाल घ्या, चव आणि खर्च दोन्ही हातात राहतात. निघाली नाहीत तर पॅकेज घ्या, किंवा मधला मार्ग काढा. कार्यालय साधं घ्यायचं आणि एका दिवसासाठी पैसे देऊन व्यवस्थापक नेमायचा. पुतणीच्या लग्नाला आम्ही हेच केलं. सगळ्यांचे फोन त्याला जात होते आणि घरची माणसं मांडवात बसली होती.

"सगळं आलं" यात काय नाही, हे न विचारणं

पॅकेजचा कागद वाचताना काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते शोधा. वधूपक्षाच्या आणि वरपक्षाच्या खोल्या किती, त्यात गाद्या किती? ताबा आदल्या संध्याकाळी की लग्नाच्या सकाळी? मुहूर्त सकाळी पावणेदहाचा असेल आणि ताबा सहाला मिळणार असेल, तर देवक बसवायचं कुठं? गोरज मुहूर्त असेल तर त्याच जागी दुपारी दुसरं लग्न आहे का? आधीची मंडळी वेळेत उठली नाहीत की तुमची सजावट पाहुण्यांच्या देखत चालू राहते.

होमाचं हमखास राहून जातं. बंदिस्त एसी हॉलमध्ये धुरामुळं अलार्म वाजतो, म्हणून काही ठिकाणी लाजाहोम बाहेरच्या व्हरांड्यात करायला लावतात. सप्तपदीची जागा स्वतः जाऊन पाहा, शक्यतो गुरुजींना सोबत घेऊन.

बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर आणायला बऱ्याच ठिकाणी 'रॉयल्टी' लावतात. ती धरली की स्वस्त हॉल महाग पडू शकतो. संगीताच्या परवान्याचे पैसे मागितले तर कुठल्या आधारावर, ते लेखी मागा, कारण कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये वरात आणि लग्नाच्या समारंभांतल्या संगीताला सूट दिलेली आहे. रात्री १० नंतर मात्र उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद. रिसेप्शन साडेआठला सुरू करून बाराचा डीजे सांगणारा व्यवस्थापक पोलीस आल्यावर बाजूला होतो.

घाईत बयाणा देणं

तारखांची टंचाई खरी असते. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो. ऐन सुट्टीतला महिना मुहूर्तांविना गेला की उरलेल्या तारखांवर झुंबड उडते. तरी "आजच्या आज द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" या वाक्यावर पैसे काढू नका. पावतीवर तारीख, वेळ, हॉलचं नाव आणि रद्द झाल्यास परत मिळणारी रक्कम या चार गोष्टी नसतील, तर ती पावती उपयोगाची नाही. घरात काही अशुभ घडून लग्न पुढं गेलं तर तोच बयाणा दुसऱ्या तारखेला धरणार का, हे विचारायला संकोच वाटतो. विचारा.

पैसे अडकले असतील तर आधी लेखी पत्र किंवा ईमेल पाठवा, फोनवरचं बोलणं पुढं उपयोगी पडत नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचं दार आहे. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथं तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकील नेमलाच पाहिजे असंही नाही.

अनामत रकमेसाठी एक छोटं काम करा. ताबा घेताना आणि सोडताना वीजमीटरचा, खोल्यांचा आणि स्वयंपाकघरातल्या मोजलेल्या भांड्यांचा फोटो काढा. पाठवणीनंतर कुणाचं मन थाऱ्यावर नसतं, म्हणून हे काम आधीच कुणा शेजाऱ्याला नाहीतर मित्राला सांगून ठेवा.