नाताळात पोरांना अनाथ मुलांवरचा पिक्चर दाखवायचाय? मग हे वाचून घ्या

डिसेंबर लागला की ओटीटीवर ते पिक्चर यायला लागतात, बर्फ, लाल टोपी, माय-बाप नसलेलं एक पोरगं, एक खडूस म्हातारा नाहीतर म्हातारी, आणि मग नाताळच्या रात्री सगळं जुळून येतं. मला आवडतात ते, खोटं कशाला बोलू, रडायला पण येतं. आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला गल्लीतल्या पोरांना एकत्र बसवून किंवा एखाद्या वसतिगृहात, बालगृहात जाऊन असा पिक्चर दाखवायचं कोणाच्या डोक्यात असेल तर जरूर दाखवा. फक्त एक सांभाळा, पोरांना गोष्ट दाखवायला चाललोय, कीव दाखवायला नाही. हे नीट जमलं तर बाकी प्रोजेक्टर-बिजेक्टर सोपं आहे.

तारीख आधी ठरवा. मी तर म्हणतो २४ डिसेंबरच धरा. एकतर नाताळची आदली संध्याकाळ, आणि दुसरं म्हणजे त्याच दिवशी साने गुरुजींची जयंती, जन्म २४ डिसेंबर १८९९. गुरुजी कोकणातले पण १९२४ ला अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात मास्तर म्हणून आले आणि तिथलं छात्रालय सांभाळलं, घरापासून लांब राहणाऱ्या पोरांची माय झाले ते. त्यामुळे कोणी काका येऊन "हे काय, आपल्याकडे नाताळ कशाला" म्हणायला लागले तर शांतपणे गुरुजींचा फोटो मांडायचा, हार घालायचा, आणि पिक्चर सुरू करायचा. तसं बघितलं तर नाताळ इथे परका पण नाही, नवापूर-चिंचपाड्याकडच्या आदिवासी ख्रिस्ती गावांत जाऊन बघा, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत विचारा. तुमच्या पोरांत असं एखादं घर असेल तर त्यांनाच सांगा दोन मिनिटं बोलायला, त्यांच्याकडे करंज्या-चकल्या असतात नाताळाला, ते ऐकून बाकीची पोरं लगेच सावरून बसतात.

आता पिक्चर कोणता. इथे लोक घाई करतात, ट्रेलर बघून ठरवतात. तसं करू नका, पूर्ण पिक्चर आधी एकट्याने बघा, पुढे पळवत नाही, पूर्ण. बघताना तीन-चार गोष्टींवर लक्ष ठेवा. आई किंवा बाप मरायचा सीन आहे का आणि किती लांबवलाय. पोराला मारझोड आहे का. दत्तक घ्यायला आलेलं जोडपं पोरांना रांगेत उभं करून निवडतं का, हा सीन या पिक्चरांत हमखास असतो आणि विनोदी म्हणून टाकलेला असतो पण ज्या पोराला खरंच कोणी निवडलं नाही त्याला तो विनोदी वाटणार नाही भो. आणि शेवटचं म्हणजे पोरगं स्वतः काही करतं का, की नुसतं खिडकीत बसून मोठ्या माणसांची वाट बघतं? चांगल्या पिक्चरात पोरगं भांडतं, लबाडी करतं, दोस्ताला वाचवतं, हसवतं. नुसतं बिचारं पोरगं असलेला पिक्चर मी तरी बाजूला ठेवतो, मोठ्यांना रडवायला ठीक आहे तो, पोरांना त्यातून काही मिळत नाही. सेन्सॉरचं सर्टिफिकेट पण बघा, २०२४ पासून यूए चे, म्हणजे पोरांनी मोठ्यांच्या देखरेखीत बघायच्या पिक्चरांचे, तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+, लहान पोरं असतील तर यू नाहीतर यूए ७+ च घ्या.

हक्कांचं पण बघून घ्या, कोणी बोलत नाही यावर. ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं, चौकात पडदा लावून दाखवायला नाही. शाळेत फक्त विद्यार्थी, मास्तर, पालक एवढेच बघणारे असले तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, कलम ५२, पण गल्लीचा कार्यक्रम त्यात बसत नाही. मग चौकासाठी काय? आपल्या कायद्यात पिक्चरचा कॉपीराइट ६० वर्षं, म्हणजे जुने पिक्चर मोकळे. १९५४ चा 'बूट पॉलिश' आहे, भोला आणि बेलू ही भाऊ-बहीण, काकी भीक मागायला लावते, आणि डेव्हिडचा जॉन चाचा त्यांना कष्टाचं खायला शिकवतो. नाताळचा नाही पण आशेचा नक्की आहे. आणि चॅप्लिनचा 'द किड', १९२१ चा, तासाभराचा, मुका. मूळ कॉपी बघून घ्या, नंतर नवीन संगीत चढवलेल्या कॉप्यांचे हक्क वेगळे असतात, संगीताला आपला एखादा पोरगा ढोलकी नाहीतर पेटी घेऊन बसवा, जास्त मजा येते.

मुक्या पिक्चरचा आपल्याकडे मोठाच फायदा आहे. एकाच अंगणात अहिराणी बोलणारी, भिली बोलणारी, पावरी बोलणारी पोरं असतात आणि त्यांना इंग्रजी तर सोडा, हिंदी डबिंगमधलं ते पुस्तकी हिंदी पण झेपत नाही. 'द किड' मध्ये पोरगं दगड मारून काचा फोडत जातं आणि मागून चार्ली पाठीवर काचा घेऊन "काचा बसवा" करत येतो, याला भाषा लागतच नाही, अख्खी रांग खिदळते. पण त्यातच पुढे अनाथालयाची माणसं येऊन पोराला ओढून गाडीत टाकतात, ते पोरगं हात पसरून रडतं. गल्लीच्या पोरांना चालेल, चार्ली छपरांवरून पळत जाऊन गाडीत उडी मारतो तेव्हा शिट्ट्या पडतात. बालगृहातल्या पोरांना मात्र हा सीन दाखवायचा का ते तिथल्या अधीक्षकांना विचारल्याशिवाय ठरवू नका, त्यातल्या काहींना खरंच असंच आणलेलं असतं.

डब केलेला पिक्चर लावलाच तर एक सांगणारा लागतो. बाजूला माइक घेऊन बसायचं, दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबवून दोन वाक्यं अहिराणीत सांगायची, बस. मध्ये मध्ये अर्थ सांगत बसणारा मास्तर नको. अंधारात पोरं प्रश्न विचारतात, एखादं हमखास विचारतं "त्यानी माय कोठे शे?" आणि सगळी मोठी माणसं गप्प होतात. गप्प होऊ नका, आणि "देवाघरी गेली रे बाळा" असलं नाटकी पण काही नको. "देखत ऱ्हाय, पुढे समजी" एवढं म्हणायचं आणि पिक्चर चालू. पिक्चरच उत्तर देतो.

सामान. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे किंवा क्लासवाल्याकडे विचारा. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच जागी लावून बघा, त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरने. ओटीटीचा पिक्चर मोबाइलवरून प्रोजेक्टरला मिरर केला की बऱ्याचदा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, ते बिघडलेलं नसतं, ॲपनेच अडवलेलं असतं, आणि हे साठ पोरं समोर बसल्यावर कळलं तर मग तुम्हीच नाचून दाखवा. नेटच्या भरवशावर तर राहूच नका. लाइट जाणारच असं धरून चाला, इन्व्हर्टर नाहीतर जनरेटरवाला सांगून ठेवा, आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन.

पडदा म्हणजे पांढरी चादर, पण दुहेरी करा आणि खालच्या काठाला बांबू शिवून टाका, डिसेंबरात वारा सुटला की एकेरी चादर फुगते आणि सांताक्लॉजचं पोट आपोआप कमी-जास्त होतं. चुन्याची भिंत असेल तर चादरीपेक्षा ती बरी. आवाजासाठी ब्लूटूथचा डबा उघड्यावर पुरत नाही, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर आणि एक बॉक्स आणा, पण बॉक्स पोरांच्या तोंडापुढे नको, पडद्याच्या बाजूला उंचावर ठेवा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही हे माहिती असेलच. तसं दहा वाजायची वेळ येत पण नाही, त्या दिवसांत सूर्य सहाच्या आत मावळतो, साडेसहाला चांगला अंधार, साडेआठपर्यंत सगळं आटपतं. आणि थंडी! आपली थंडी पुण्या-मुंबईवाल्यांना खोटी वाटते पण पारा दहाच्या खाली जातो इथे, खाली ताडपत्री, वर सतरंजी, आणि पोरांना गोधड्या घेऊनच बोलवा. गोधडीत तीन-तीन पोरं शिरून बसतात, शांत पण बसतात.

बालगृहात जायचं असेल तर वेगळी तयारी. आठ-दहा दिवस आधी अधीक्षकांना भेटा, लेखी अर्ज द्या, ते सांगतील तशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाची परवानगी घ्या. जाताना पन्नास माणसांचं मंडळ नेऊ नका, पाच-सहा पुरे. आणि फोटो. पोरांचे चेहरे दिसतील असे फोटो काढून स्टेटसला टाकायचे नाहीत, म्हणजे नाहीच. नुसतं वाईट दिसतं म्हणून नाही, बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ आहे, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नेत्याला बोलवायचं असेल तर त्याला हे आधीच सांगा, निम्मे तिथेच गळतात, आपला वेळ वाचतो.

आणि "तुम्ही सगळे अनाथ" असं भाषण ठोकू नका. तिथल्या बऱ्याच पोरांना आई असते, बाप असतो, पोसायची सोय नसते म्हणून पोरगं तिथे असतं. आश्रमशाळेतल्या पोरांचे माय-बाप तर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात, नंदुरबारकडे हे काही नवीन नाही. पिक्चरमधलं पोरगं दारात उभं राहून वाट बघतं तेव्हा ही पोरं सगळ्यात जास्त गप्प होतात, कारण ती पण वाट बघतायत, फक्त त्यांची माणसं येणारी आहेत. पिक्चरआधी बोलायचंच असेल तर "आज पिक्चर आहे, नंतर भरीत आहे" एवढंच बोला, टाळ्या यालाच पडतात.

शेवट दाखवताना एक अडचण येते तिची तयारी ठेवा. या पिक्चरांत नाताळच्या रात्री कोणीतरी दार उघडतं आणि पोराला घरी घेऊन जातं. आपल्याकडे तसं होत नाही. दत्तक घ्यायचं तर कारा च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी, मग घरी येऊन चौकशी, मग वाट बघणं, ते पण वर्षानुवर्षं, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून शेवटचा आदेश जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे पिक्चर बघून भरून आलेल्या एखाद्या वहिनी पोराच्या गालावरून हात फिरवत "येतो का रे माझ्या घरी" म्हणाल्या तर त्यांना हळूच बाजूला घ्या आणि खरंच मनात असेल तर पोर्टल दाखवा. पोराच्या समोर ते वाक्य नको, ते पोरगं पुढचे सहा महिने दाराकडे बघत राहतं. आई किंवा बाप यातलं एकच उरलेलं, ओढाताण चाललेलं एखादं घर तुमच्याच गल्लीत असेल तर त्यांना बालसंगोपन योजनेचं सांगा, पोराला घरीच ठेवून दरमहा मदत मिळते, फॉर्म महिला व बाल विकास कार्यालयातच मिळतो. आणि १०९८ हा पोरांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पडद्यावर शेवटी दोन मिनिटं मोठ्या अक्षरात ठेवा, पोरांना पाठ होतो.

पिक्चर संपला की "काय शिकलात?" विचारायचं नाही. लाइट लावा आणि पंगत बसवा. भरीत दुपारपासूनच लावायला लागतं, वांगी हिरवी मोठी घ्या, बामणोदकडची मिळाली तर काय बोलायलाच नको, कपाशीच्या काड्यांवर भाजली पाहिजेत, गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणू नये. ठेचताना मिरची पोरांच्या हिशोबाने, मोठ्यांसाठी ठेचा वेगळा. सोबत कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, कांद्याची पात, आणि लहानग्यांसाठी पुऱ्या, कारण सहा वर्षांचं पोरगं कळण्याची भाकरी बघून तोंड वाकडं करतं. पंगतीत पोरं आपणहून पिक्चरबद्दल बोलतात, तो म्हातारा कसा पडला, त्या पोरीने कशी टोपी पळवली, कोणीतरी म्हणतं मी असतो तर पळून गेलो असतो, ते ऐका फक्त, दुरुस्त करू नका. केक आणायचाच तर एकच मोठा आणा आणि तिथल्याच सगळ्यात मोठ्या पोरीच्या हातात सुरी द्या, वाटप तीच बरोबर करते, आपल्यापेक्षा तिला माहिती असतं कोण दोनदा घेऊन जातो ते. प्रोजेक्टरवाल्याला पण ताट वाढा, पुढच्या वर्षी भाडं कमी लावतो.