तारा, ग्रह, चंद्र आणि दुर्बीण : आकाश बघताना या चुका टाळा

शुक्र संध्याकाळच्या आकाशात आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "पश्चिमेला तो एवढा ठळक तारा दिसतोय, तो ध्रुव ना?" प्रश्न मनापासून असतो, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटतं. तो तारा नाही, ग्रह आहे. आणि ध्रुव पश्चिमेला कधीच नसतो, तो उत्तरेला असतो.

गोष्टीतल्या अढळपदामुळे ध्रुव म्हणजे आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ताऱ्यांची तेजानुसार यादी केली, तर ध्रुव पहिल्या चाळिसातही येत नाही. त्याचं महत्त्व त्याच्या जागेत आहे. पृथ्वीचा अक्ष उत्तरेकडे जिथे रोखलेला आहे, त्याच्या अगदी जवळ तो आहे, म्हणून बाकीचं आकाश त्याच्याभोवती फिरताना दिसतं. शोधायचा तर सप्तर्षींच्या चौकोनातले पुलह आणि क्रतू हे टोकाचे दोन तारे घ्या. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेघ त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे न्या. तिथे आसपास दुसरा ठळक तारा नसलेला, एकटा, मध्यम तेजाचा जो तारा दिसेल तो ध्रुव. सप्तर्षी मावळलेले असतील तर ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूला शर्मिष्ठा हा तारकासमूह वर आलेला असतो, तो इंग्रजी एम अक्षरासारखा दिसतो; तेव्हा ध्रुव त्याच्या खालच्या बाजूला शोधा.

एवढं करूनही ध्रुव दिसला नाही, तर किती उंचीवर बघताय ते तपासा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाएवढी असते. २० अक्षांशावर तो २० अंश उंच, म्हणजे हात सरळ लांब करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींएवढा. बहुतेक जण त्याला खूप वर शोधतात आणि तो खाली धुरकट हवेत किंवा झाडामागे असतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो दिसतच नाही.

लुकलुकतो तो तारा, पण नेहमीच नाही

तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत हा नियम खरा आहे. तारे इतके दूर आहेत की मोठ्या दुर्बिणीतही ते बिंदूच राहतात. हवेच्या थरथरीने त्या बिंदूचा प्रकाश इकडेतिकडे हलतो आणि तारा लुकलुकतो. ग्रह मात्र छोटीशी थाळी असतो. तिच्या एका भागाचा प्रकाश हलला तरी दुसऱ्या भागाचा पोचत राहतो, म्हणून तो स्थिर वाटतो.

चूक होते ती क्षितिजाजवळ. तिथे प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो आणि ग्रहही थरथरू लागतात. व्याध नुकताच उगवलेला असेल तर तो लाल, हिरवा, निळा असे रंग फेकताना दिसतो, आणि "हे काहीतरी उडतंय" असं लोकांना खात्रीने वाटतं. तासभर थांबा. तो वर चढला की रंगांचा खेळ कमी होतो आणि तो आपल्या शेजारच्या ताऱ्यांसोबतच सरकलेला असतो.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे जागा. सूर्य आणि चंद्र आकाशात ज्या पट्ट्यातून जातात, त्याच पट्ट्यात ग्रह असतात. सप्तर्षींमध्ये ग्रह कधीच दिसणार नाही. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, बुध तर जेमतेम २८ अंश. त्यामुळे मध्यरात्री डोक्यावर अगदी तेजस्वी, शांत ठिपका दिसला तर तो शुक्र असू शकत नाही, बहुधा गुरू असतो. तरीही शंका राहिली तर शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांसह त्याचं चित्र वहीत काढा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. मंगळ असेल तर जागा बदललेली स्पष्ट कळते. शनी फार सावकाश सरकतो, त्याला महिना-दीड महिना द्या.

न लुकलुकता, न मिचमिचता काही मिनिटांत आकाश ओलांडणारा ठिपका हा कृत्रिम उपग्रह. तो मध्येच विझला तर घाबरू नका, तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो.

चंद्राच्या कला आणि एक चेंडू

चंद्राची कोर पृथ्वीच्या सावलीमुळे होते, हा समज मी शिकल्यासवरलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे. तो शब्दांनी घालवणं अवघड जातं, म्हणून मी चेंडू वापरतो. शुद्ध अष्टमीच्या आसपास, दुपारी चारच्या सुमाराला उन्हात उभे राहा. सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असतो आणि चंद्र पूर्वेकडून वर आलेला असतो. टेबल टेनिसचा पांढरा चेंडू दोन बोटांत धरा, हात लांब करा आणि चेंडू चंद्राच्या शेजारी येईल असा धरा. एक डोळा मिटा. चेंडूची सूर्याकडची बाजू उजळलेली, उरलेली सावलीत. आणि शेजारी चंद्र अगदी तसाच, तीच अर्धी बाजू उजळ, तोच कल. चेंडूवर पृथ्वीची सावली पडलेली नाही, आणि चंद्रावरही नाही. आपण दोघांच्याही उजळ अर्ध्याचा फक्त काही भाग बघतो आहोत. हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा मी बराच वेळ हात खाली घेतला नव्हता.

पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असते. चंद्र तिच्यात शिरला तर चंद्रग्रहण होतं, आणि तेही प्रत्येक पौर्णिमेला होत नाही, कारण चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

चंद्राची पलीकडची बाजू कायम अंधारात असते, हाही असाच एक गैरसमज. ती आपल्याला दिसत नाही एवढंच. अमावास्येला तिथे भर दुपार असते. १९५९ मध्ये लूना-३ यानाने तिची पहिली छायाचित्रं पाठवली, ती तिथे ऊन होतं म्हणूनच.

उगवता पूर्णचंद्र प्रचंड मोठा वाटतो, तो मेंदूचा भास आहे. हात लांब करून करंगळी त्याच्यासमोर धरा. क्षितिजावर असो की डोक्यावर, चंद्राची रुंदी करंगळीच्या साधारण निम्मीच भरते.

आणि दुर्बिणीतून चंद्र बघायला पौर्णिमा निवडू नका. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आगेमागे उजेड आणि अंधाराच्या सीमेवर नजर ठेवा. विवरांच्या कडा आणि त्यांच्या लांब सावल्या तिथेच दिसतात.

"दुर्बीण घेतली, पण काहीच दिसत नाही"

माझ्या पहिल्या दुर्बिणीने मला सलग दोन रात्री रडकुंडीला आणलं. शनी नुसत्या डोळ्यांना समोर दिसत होता, फाइंडरच्या, म्हणजे नळीवर बसवलेल्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या, फुलीवरही बसवला होता, आणि आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, काळोख. दुर्बीण बिघडलेली आहे असं मानून मी ती खोक्यात भरायला निघालो होतो. बिघाड काहीच नव्हता. फाइंडर आणि मुख्य नळी वेगवेगळ्या ठिकाणी बघत होते.

हे काम दिवसा करायचं असतं. सूर्यापासून दूरच्या दिशेला, निदान काहीशे मीटरवरचं एखादं टोक निवडा : मनोऱ्याचं शिखर, खांबाचं डोकं. सगळ्यात कमी वर्धनाच्या आयपीसने ते टोक आधी मुख्य नळीत मधोमध आणा. मग नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. दहा मिनिटांचं काम आहे. रात्री आधी चंद्रावर खात्री करून घ्या, मग ग्रहांकडे वळा.

दुसरी चूक वर्धनाच्या मोहाची. ६० मिलिमीटर भिंगाच्या, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुर्बिणीवर "५२५ पट" असं छापलेलं असतं. ४ मिलिमीटरचा आयपीस लावला की ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. त्याला ३ पटीचं बार्लो, म्हणजे वर्धन वाढवणारं जोडभिंग, जोडलं की ५२५. हिशेब बरोबर आहे, उपयोग शून्य. भिंगाच्या दर मिलिमीटरला २ पट ही व्यवहारातली मर्यादा, म्हणजे ६० मिलिमीटरला १२० पट. तीही हवा अगदी शांत असेल तेव्हा. २० मिलिमीटरचा आयपीस ३५ पट देतो. तिथून ५२५ पटीवर गेलात तर तोच प्रकाश २२५ पट मोठ्या क्षेत्रावर पसरतो, चित्र मंद आणि गढूळ होतं, आणि ग्रह अर्ध्या मिनिटात दृश्यातून निसटतो. ३५ पटीला शनीची कडी लहान पण रेखीव दिसतात. तिथूनच सुरुवात करा.

कडी दिसलीच नाहीत, तर एक गोष्ट लक्षात घ्या : साधारण दर १५ वर्षांनी ती आपल्याला अगदी कडेवरून दिसतात आणि छोट्या दुर्बिणीत नाहीशी होतात. मार्च २०२५ मध्ये तसं झालं होतं. त्या काळात दोष दुर्बिणीचा नसतो.

चित्र उलटं दिसणं हाही बिघाड नाही, अवकाशात वरखाली नसतं. चित्र उकळत्या पाण्यासारखं थरथरत असेल तर नळी घरातून बाहेर आणून अर्धा तास थंड होऊ द्या, आणि खिडकीच्या काचेतून कधी बघू नका. चित्र हलत असेल तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब न करता बसून बघा.

आता इथे मी कळकळीने सांगतो. सूर्याकडे दुर्बीण किंवा द्विनेत्री (बायनॉक्युलर) रोखू नका, क्षणभरही नाही. काही दुर्बिणींसोबत आयपीसला बसवायची छोटी काळी "सौर" काच येते. ती फेकून द्या. भिंगाने एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते, आणि तडकते तेव्हा डोळा तिच्यामागेच असतो. सौर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच बसवायचा, आणि फाइंडर झाकून ठेवायचा.

ऐकीव गोष्टी

"आपण बघतो ते तारे केव्हाच विझलेले असतात." हे वाक्य ऐकायला सुंदर आहे आणि जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काहीशे प्रकाशवर्षांच्या आतले, फार तर काही हजार प्रकाशवर्षांवरचे. व्याधाचा प्रकाश आपल्याकडे यायला ८.६ वर्षं लागतात. ताऱ्यांची आयुष्यं मात्र लाखो ते अब्जावधी वर्षांची असतात. प्रकाश वाटेत असताना तारा संपावा इतकी ती वाट लांबच नाही. मृगातला तांबूस काक्षी म्हणजे बीटलजूज. तो आयुष्याच्या शेवटाकडे आलेला तारा आहे आणि पाचशे ते सातशे प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या स्फोटाचे अंदाजसुद्धा लाखभर वर्षांच्या घरातले आहेत. तो अजून तिथे आहे असंच समजून चाला. "प्रकाशवर्ष" हे अंतर आहे, काळ नाही, हेही जाता जाता : सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.

ऑगस्ट आला की "मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा संदेश फिरू लागतो. त्याचं मूळ २००३ मध्ये आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, असं मूळ मजकुरात होतं. पुढे ७५ पटीचं कलम गळलं आणि चंद्र उरला. त्या रात्रीही मंगळाची रुंदी चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाहून कमी होती.

सूर्य जवळ म्हणून उन्हाळा, हेही नाही. पृथ्वी सूर्याला सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. ऋतू होतात ते अक्षाच्या २३.५ अंश कलामुळे. सगळ्यात तापलेला ग्रह बुध नव्हे, शुक्र : दाट कार्बन डायऑक्साइडमुळे सुमारे ४६५ अंश सेल्सिअस. आणि निळा तारा लाल ताऱ्यापेक्षा गरम असतो, आपल्या नळांच्या खुणांच्या बरोबर उलट.

डोळ्यांना वेळ द्या

फोनचं अॅप बघून वर पाहिलं आणि काहीच दिसलं नाही, तर आकाशाला दोष देऊ नका. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या पडद्याकडे टाकलेली एक नजर ती सगळी मिनिटं पुसून टाकते. अॅपमध्ये रात्रीचा लाल पडदा असतो, तो चालू करा. अॅपचा बाण भलतीकडे दाखवत असेल तर फोनचं चुंबकीय कव्हर काढा आणि फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा. छापील नकाशा असेल तर तो डोक्यावर धरून वाचा. त्यावर पूर्व डावीकडे असते, ती छपाईची चूक नाही.

मग चंद्र नसलेल्या रात्री, शहराच्या उजेडापासून दूर, देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा), म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, शोधा. छायाचित्रातले रंग अपेक्षू नका. मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळत नाहीत, त्यामुळे द्विनेत्रीतूनही राखाडी, लांबट पुसटसा डागच दिसेल. थेट त्याच्यावर नजर रोखली तर तो विरतो, कारण दृष्टीच्या अगदी मध्यभागी त्या पेशीच नसतात. नजर किंचित बाजूला न्या, डागाच्या शेजारच्या ताऱ्यावर ठेवा आणि श्वास रोखू नका. डाग पुन्हा उमटेल, आधीपेक्षा लांब. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे.