डोंगरातली दगडाळ माती आणि राखेचा थर: खड्डा कसा वाचायचा, नाव कसं लावायचं

नाशिकहून त्र्यंबक, अंजनेरी, इगतपुरीकडे निघालं की पायाखाली सगळा लाव्हाच, त्यामुळे एक गोष्ट कायम ऐकू येते की आपल्या डोंगरातली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. तसं नाहीये. लाव्हा थंड होऊन झालेला बेसॉल्ट वेगळा आणि हवेत उडून खाली बसलेली राख वेगळी, आणि मातीचं वर्गीकरण करताना सगळा खेळ या फरकावर आहे. (खालचे नियम आणि नावं अमेरिकेच्या ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ या वर्गीकरण पद्धतीतली आहेत.) राखेच्या जंगल-मातीचं परदेशी वर्णन वाचून तेच शब्द ब्रह्मगिरीच्या मातीला चिकटवलेले प्रोजेक्ट रिपोर्ट मी बघितलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

राख असलेली माती नेमकी कशी असते ते बघायचं तर अमेरिकेच्या वायव्य भागातले डोंगर घ्या. ओरेगॉनमध्ये आज जिथे क्रेटर लेक आहे तिथे माउंट मझामा नावाचा डोंगर होता, साधारण ७,७०० वर्षांपूर्वी तो फुटला आणि त्याची राख वॉशिंग्टन, आयडाहो, माँटाना, पार कॅनडापर्यंत जाऊन बसली. उघड्या, कोरड्या, दक्षिणेकडच्या उतारांवरून ती बरीचशी वाहून गेली, पण उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर जिथे डग्लस फर, सीडारचं दाट जंगल होतं तिथे टिकली. उत्तर आयडाहोत आजही बऱ्याच ठिकाणी वर फूट-दीड फूट राखेची माती आणि तिच्याखाली एकदम दगडगोटे भरलेली दुसरीच माती असं सापडतं. आयडाहोने राज्याची माती म्हणून निवडलेली थ्रीबेअर ही अशीच, मझामाच्या राखेची. १८ मे १९८० ला माउंट सेंट हेलेन्स फुटला त्याचीही राख पूर्वेकडे गेली, पण मातीच्या नावात वजन आहे ते मझामाच्या राखेचं.

आपल्याकडचा दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. राख म्हणजे मुळात बारीक काच, आणि काच उष्ण-दमट हवेत पटकन कुजते, तिची चिकणमाती होते. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे दोन लाव्हांच्या मधे विटकरी लाल पट्टा दिसतो, त्याला रेड बोल म्हणतात, त्यातले काही पट्टे राखेपासून झाले असावेत असं काही अभ्यासक मानतात, पण तिथे राखेचे गुण आता शोधून सापडणार नाहीत. खरीखुरी राख बघायची तर जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ आहे, वयावरून अभ्यासकांचे बरेच वाद झालेत, पण ती नदीच्या गाळात अडकलेली राख आहे, डोंगरावरच्या जंगलातली माती नव्हे.

आता कामाचं. जागा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय खणायचं नाही, हे आधी. खूपदा खणायची गरजही नसते, रस्त्याची कापलेली कड, दरड घसरलेली जागा किंवा विहिरीचं चालू काम मिळालं तरी भागतं, फक्त वरची ऊन-पाऊस खाल्लेली वीतभर माती तासून ताजा चेहरा काढा. स्वतः खणत असाल तर उताराच्या मधोमध, मीटरभर खोल किंवा दगड लागेपर्यंत, आणि काढलेला ढीग उताराच्या खालच्या अंगाला टाका, वरच्या अंगाला टाकलात तर पहिल्याच सरीत खड्ड्यात येईल.

चेहरा तासला की आधी नुसतं बघा. वर पालापाचोळा, मग काळसर थर, मग तपकिरी, मग मुरूम, मग कातळ. प्रत्येक थराची सीमा किती सेंटीमीटरवर आहे आणि ती हळूहळू बदलते की एकदम, हे लिहा. राखेच्या टोपीखाली सीमा बहुतेकदा अचानक असते, कारण खालची माती आधीपासून तिथे होती आणि राख वरून येऊन पडली. वर्णनात थरांना ए, बी, सी अशी अक्षरं देतात, त्यात अशा खालच्या थराच्या अक्षराआधी २ आकडा लावतात, म्हणजे इथून पुढचं मूळ द्रव्य वेगळं. आपल्या डोंगरात हा २ लावायची वेळ क्वचित येते, आली तरी बहुतेक वेळा वरून घसरून आलेल्या मातीमुळे.

दगडाचं प्रमाण ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात अंदाजपंचे होणारी गोष्ट. नियम असा की २ मिलिमीटरपेक्षा मोठं ते दगडात धरायचं, ७५ मिलिमीटरपर्यंत खडी, २५० पर्यंत गोटे, ६०० पर्यंत धोंडे, त्यावर शिळा. आकारमानाने ३५ टक्के किंवा जास्त दगड असतील तर माती स्केलेटल, आणि ९० टक्क्यांच्या पुढे गेलं तर ती जवळपास दगडच, तिला फ्रॅगमेंटल म्हणतात. डोळ्यांनी अंदाज घेतला तर जवळपास प्रत्येक जण जास्तच सांगतो, कारण दगड डोळ्यात भरतो आणि मधली माती दिसत नाही. म्हणून मोजा. थरात एक छोटा खड्डा करा, निघालेलं सगळं घमेल्यात जमा करा, खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक अंथरून मापाच्या मगने काठोकाठ पाणी भरा, किती लिटर बसलं ते लिहा. मग माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेले दगड धुऊन काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडा आणि बाहेर सांडलेलं पाणी मोजा. खड्डा ५ लिटरचा आणि दगडांनी २ लिटर पाणी सांडलं तर ४० टक्के, झाली स्केलेटल. आपला बेसॉल्ट बऱ्याचदा छिद्राछिद्राचा असतो, तेव्हा दगड आधी रात्रभर भिजवून मगच बादलीत टाका, नाहीतर तो पाणी पिऊन घेतो आणि माप कमी येतं.

इथेच नाशिककरांचा घोळ होतो तो मुरमाचा. मुरूम दिसतो दगड, पण हातात धरून दाबला की फुटतो. जो तुकडा असा सहज फुटतो तो दगडाच्या टक्केवारीत धरायचाच नाही, त्याची नोंद वेगळी ठेवायची. त्यामुळे दिसायला ६० टक्के दगड असलेला थर मुरूम वगळल्यावर २५ टक्क्यांवर येतो आणि नावातून स्केलेटल हा शब्दच गायब होतो. खाली तळाशीही तेच. ५० सेंटीमीटरच्या आत पहार खणखणीत वाजेल असा अखंड कातळ लागला तर लिथिक, आणि कुदळीने कष्टाने का होईना पण खणता येईल असा मुरूम लागला तर तो पॅरालिथिक, लिथिक नव्हे. आपले शेतकरी बरड आणि मुरमाड असा भेद करतात तो साधारण हाच आहे, त्यांना विचारलंत तर अर्धं काम तिथेच होतं.

मग राख आहे का नाही ते. पहिली खूण वजन. वरच्याच मोजणीतून चाळलेली बारीक माती पूर्ण वाळवून तोला आणि खड्ड्याच्या मापातून दगडाचं माप वजा करून भागा. ५ वजा २ म्हणजे ३ लिटर, माती भरली २.४ किलो, तर घनता ०.८. राखेच्या मातीची ओळख म्हणून ०.९० किंवा त्याहून कमी असा आकडा धरतात. त्याच मापाच्या खड्ड्यातून ३.६ किलो निघाली तर १.२, राख विसरा. प्रयोगशाळेतली पद्धत ठरावीक ओलाव्यावर असते, त्यामुळे हा फक्त फील्डवरचा अंदाज, आणि माती ओली असतानाच खड्डा करा, काळी माती वाळली की आकसते आणि सगळं बिघडतं.

दुसरी खूण बोटांची. ओलसर राखेची माती चिमटीत जोरात चोळली की ती अचानक ओली होते आणि लोण्यासारखी सरकते, पण आपल्या काळ्या मातीसारखी बोटाला चिकटून बसत नाही. वाळली की हलकी, पिठूळ. तिच्यातल्या चिकणमातीचा अंदाज बोटांनी बहुतेक चुकतोच, तेव्हा पोत ओळखायला ओली माती बोटांत दाबून पट्टी (रिबन) काढतात, ती काढत बसू नका.

तिसरी, सोडियम फ्लोराइडची चाचणी. त्या द्रावणात माती टाकून पीएच ९.४ च्या वर गेला तर ॲलोफेनसारखी राखेतून होणारी खनिजं असण्याचा संशय घ्यायचा. द्रावण विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांना देऊ नका. आणि महत्त्वाचं म्हणजे मातीत चुनखडी असेल तर ही चाचणी राख नसतानाही वर जाते, म्हणजे सिन्नर-येवल्याकडच्या चुनखडीच्या मातीत ती करून राख सापडली म्हणणं हे हसं करून घेणं आहे. आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, फसफसलं तर फ्लोराइडची बाटली उघडूच नका.

पक्कं काय ते प्रयोगशाळाच सांगते. ऑक्झलेट या रसायनाच्या द्रावणाने मातीतून निघणारं ॲल्युमिनियम अधिक निम्मं लोह २ टक्के किंवा जास्त, फॉस्फेट धरून ठेवण्याची ताकद ८५ टक्के किंवा जास्त, आणि ती ०.९० ची घनता. काच अजून ताजी असेल तर मायक्रोस्कोपखाली काचेचे कण मोजतात आणि मग बाकीच्या अटी सैल होतात. हे गुण वरच्या ६० सेंटीमीटरपैकी किमान ३६ सेंटीमीटरमध्ये असतील तर माती अँडिसॉल, म्हणजे राखेसारख्या गुणांच्या मातीच्या मुख्य वर्गातली. तेवढी जाड नसेल पण वरच्या ७५ मध्ये १८ सेंटीमीटर किंवा जास्त राखेचा थर भरत असेल तर मुख्य वर्ग दुसराच आणि उपगटाला अँडिक किंवा व्हिट्रँडिक असं विशेषण. त्याहून पातळ असेल तर वर्णनात लिहा, नावात येत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं गुणांवर आहे, जन्मावर नाही. निलगिरीच्या उंच डोंगरात राख नसतानाही अँडिसॉलमध्ये बसणाऱ्या माती नोंदल्या गेल्यात, आणि इकडे आपला ज्वालामुखीचा अख्खा सह्याद्री असून बसत नाही.

नाव वाचायचं ते उजवीकडून. समजा लिहिलंय ॲशी ओव्हर लोमी-स्केलेटल, ग्लासी ओव्हर आयसोटिक, टिपिक व्हिट्रिक्रायँड्स. शेवटचं अँड्स म्हणजे अँडिसॉल, त्याआधीचं क्राय म्हणजे थंड, व्हिट्रि म्हणजे काच जास्त, टिपिक म्हणजे या गटातली सर्वसाधारण. मग डावीकडचा भाग वरून खाली वाचा, वर राखेची माती आणि तिच्याखाली ३५ टक्क्यांवर दगड असलेली लोम (वाळू, गाळ आणि चिकण यांची मिश्र माती), वरच्या थरात काच, खाली आयसोटिक, म्हणजे बऱ्यापैकी नीट स्फटिक न बनलेली खनिजं. एका ओळीत सगळा खड्डा आला. आपल्या डोंगरउतारावरच्या उथळ मातीचं नाव बहुतेक लिथिक उस्टॉर्थेंट्स असं निघतं, नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोच्या कामात हे नाव सारखं भेटेल. शेवटचं एंट्स म्हणजे एंटिसॉल, अजून थर नीट न बनलेली, ऑर्थ म्हणजे त्यातली सर्वसाधारण, उस्ट म्हणजे पावसाळ्यात ओली आणि मग बरेच महिने कोरडी, लिथिक म्हणजे ५० च्या आत कातळ. थोडी खोल, तपकिरी थर धरलेली असेल तर हॅप्लुस्टेप्ट्सकडे जाते. पण इगतपुरीच्या मुसळधार पट्ट्यातल्या तांबड्या मातीला डोळे झाकून हीच नावं लावू नका, तिथला ओलावा आणि झीज वेगळी आहे, खड्डा बघूनच ठरवा.

नमुना पाठवायचा तर प्रत्येक थराचा वेगळा किलोभर, पिशवीवर खोली पेननं लिहून, आत एक चिठ्ठीही टाकून कारण बाहेरचं पुसलं जातं. राखेचा संशय असेल तर तो नमुना उन्हात वाळवू नका, एकदा पूर्ण वाळली की ती माती पुन्हा पहिल्यासारखं पाणी धरत नाही आणि पोताचा रिपोर्टही वेगळाच येतो. घट्ट बांधून ओलसरच द्या आणि तसं लेखी सांगा. खड्डा बुजवताना खालची माती खाली, वरची वर.