शब्द एकटा पाठ करू नका
मोठेपणी मराठी शिकणारे, मग ती अमेरिकेत वाढलेली भाचरं असोत की नोकरीसाठी पुण्यात आलेले शेजारी, हमखास अडखळतात ते सामान्यरूपापाशी, म्हणजे ‘-त’, ‘-वर’ असं काही जोडताना शब्दाचं रूप बदलतं तिथे. ‘रस्तावर’, ‘पाणीत’ असं तोंडातून निघून जातं. म्हणून वहीत नुसतं ‘रस्ता’ लिहूच नका. ‘तो रस्ता, रस्त्यावर’ असं लिहा. ती शाळा, शाळेत. ते पाणी, पाण्यात. ती विहीर, विहिरीत (इथे दुसरी वेलांटी पहिली होते, पण ते लिहिणाऱ्याचं दुखणं, बोलताना विसरा). लिंग आणि रूप एकदमच तोंडी बसतं. रोज पाच शब्द पुरेत, फक्त मोठ्याने म्हणा. आणि घरच्यांनो, चुकलं की हसू नका. बरोबर रूप आपल्या उत्तरात सहज पेरा: ‘हो ना, रस्त्यावर फारच गर्दी आहे!’